येळवशीची पहाणी

आप्पांच्या पाठीवर 'विकण्यासाठी नाही' असं लिहिलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात कामांवर मजुरांना सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं खाणं, फुकट वाटली जायची. तिच्या रिकाम्या पोत्याची त्यांनी स्वतः दाभणानं पिशवी शिवली होती आणि बैलाच्या जोत्यांचे पट्टे लावून ती ते दोन्ही खांद्यांवर अडकवत. पोतं उलटं करून शिवलं असतं तर अक्षरं आत गेली असती. तसं केलं नव्हतं. मुद्दाम, की शिवताना लक्षात आलं नाही म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तलाठ्याच्या पाठीवर असा मजकूर असला की गावकरी पुढून आदबीनं रामराम करत आणि मागून वाचून हसत. आप्पांना दोन्हीचं सारखंच वाटायचं.

मी तेव्हा तलाठी म्हणून नुकताच लागलो होतो आणि काम शिकायला मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. त्यांच्या निवृत्तीला आठ-नऊ महिने उरले होते. तालुक्याच्या साहेबांनी मला बजावलं होतं, "त्यांच्याकडून काम शिका, फिरणं शिकू नका." पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की त्यांच्या बाबतीत ही दोन वेगळी करता येत नाहीत.

तलाठ्यानं हंगामात शेतोशेत जाऊन कोणी काय पेरलंय, ते बघून लिहायचं असतं. याला पहाणी म्हणतात. प्रत्यक्षात ती पुष्कळ ठिकाणी चावडीत, पानाचा डबा मध्ये ठेवून व्हायची. कोतवाल सांगायचा, तलाठी लिहायचा, आणि सगळ्या गावाचं पीक अर्ध्या दिवसात उगवायचं. आप्पा मात्र चालत जायचे. पिशवीत कापडावर चिकटवलेला गावाचा नकाशा, दौत, पहाणीपत्रकं, तांब्या आणि दोन भाकरी. बांधावरची झाडं मोजायचा एक रकाना त्या कागदात असे. तो भरणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. झाड मोजताना ते त्याला हात लावत, जणू झाड नंतर नाकबूल करील.

"कागद रानात जाऊन भिजला तर चालंल," ते म्हणायचे. "घरात बसून कोरडा ऱ्हायला तर काय कामाचा?"

ते कोणाच्या घरी जेवत नसत. खुर्ची आणली तर तिच्यावर पिशवी ठेवून स्वतः जमिनीवर बसत. एका सोसायटीच्या गोदामाच्या उद्घाटनाला त्यांच्या गळ्यात हार पडला, तेव्हा त्यांनी तो काढून बाहेर बांधलेल्या शेळीपुढं धरला. आत भाषण संपायच्या आधी शेळीचा हार संपला. "दुष्काळात हिरवं वाया घालू नये," एवढंच म्हणाले. दुष्काळ आणि सहकार ही त्या काळात आमच्या धाराशिवकडची दोन मोठी पिकं होती. एक आपोआप यायचं. दुसऱ्याला उद्घाटन लागायचं.

आप्पांनी आयुष्यात एक शोध लावला होता. माणसानं एकच शोध लावला की तो त्याची किंमत जरा जास्तच धरतो, तसं त्यांचंही होतं.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतं, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पूजतं, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांवर आडवा हात मारतं. पैपाहुण्यांना आग्रहानं बोलावतात. आप्पांनी काय केलं, तर वादातल्या जमिनींची पहाणी नेमकी येळवशीला करायला सुरुवात केली. कागदावर नाव कोणाचंही असो, त्या दिवशी जो कोप घालून बसलाय तो खरा कसणारा. "येळवशीला ज्याची कोप, त्याचं रान," हे त्यांचं वाक्य तालुक्यात म्हणीसारखं झालं होतं. वीस वर्षं ही रीत चुकली नव्हती. निदान चुकली असं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या साली पाऊस पुन्हा कमी झाला होता. येरमाळ्याच्या पलीकडच्या एका तलावाचा वाद त्यांच्याकडं आला. तलाव झाला तेव्हा एक गाव पाण्याखाली गेलं. गावाची तीन उंच माळरानं तेवढी पाण्याच्या वर उरली, तीन बेटांसारखी. लोक त्यांना टेक म्हणायचे. कागदावर ती सरकारी पडीक होती. अशी जमीन जो बरीच वर्षं कसत असेल त्याच्या नावावर करायची, असा हुकूम निघाला होता. म्हसोबाच्या टेकावर त्या बुडालेल्या गावातली सात बौद्ध कुटुंबं ज्वारी करत होती. त्यांच्या नावावर दुसरीकडं वीतभर जमीन नव्हती. त्यांनी अर्ज केला. पाठोपाठ मच्छीमार सहकारी संस्थेच्या चेअरमननी अर्ज केला की तिन्ही टेक संस्थाच कसते: थोरल्या टेकावर सीताफळाची बाग, मधल्यावर चारा, म्हसोबाच्या टेकावर ज्वारी. आधीच्या तलाठ्यानं घरी बसून तसं लिहूनही ठेवलं होतं. आता आप्पांची पहाणी शेवटची. ते लिहितील ते नाव लागणार होतं.

"येळवशीला जाऊ," आप्पा म्हणाले.

सकाळी आम्ही तलावावर पोचलो तर संस्थेची निळी नाव काठाला नव्हती. ती चेअरमनच्या पाहुण्यांना घेऊन आधीच गेली होती. काठावर एक काहील होती. गूळ करताना उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई, चार माणसं मावतील एवढी. साखर कारखाना निघाल्यावर गुऱ्हाळं बंद पडली, आणि काहिली तलावात उतरल्या. सहकारानं दळणवळणाची केलेली ही सोय कोणत्याही अहवालात नाही.

काहिलीशेजारी पन्नाशीच्या गयाबाई फळी घेऊन उभ्या होत्या. त्या सात कुटुंबांतल्याच एक.

"तुमचं मालक न्हाय आलं?" आप्पांनी विचारलं.

"त्येच तर सांगायचं हुतं, आप्पा. आज समदी..."

"नगं." आप्पांनी हात वर केला. "वाटंत मला कुणी रान शिकवायचं न्हाय. संस्थेच्या माणसालाबी मी बोलू देत न्हाय, तुमालाबी न्हाय. जे हाय ते रानात दिसंल."

गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. आम्ही काहिलीत बसलो.

काहील गोल असते, त्यामुळं तिला पुढं-मागं नसतं. ती पुढं जाते ती स्वतःभोवती फिरत. गयाबाई फळी मारत होत्या आणि आम्ही दोघं पाठीवर बोजे घेऊन सावकाश गरगरत चाललो होतो. एकदा मला काठ दिसे, एकदा टेक, एकदा आप्पांच्या पाठीवरचा मजकूर.

थोरल्या टेकाच्या कडेला पाण्यात बाभळी उभ्या होत्या आणि त्या पांढऱ्या दिसत होत्या. जवळ गेल्यावर कळलं की ती विष्ठा आहे. प्रत्येक फांदीवर रंगीत करकोचे होते. पिवळ्या चोची, शेपटीशी गुलाबी झाक, आणि घरट्यांत गाढवासारखी ओरडणारी पिल्लं. आम्ही खालून जाताना एका पिल्लानं खाल्लेला मासा थेट माझ्या खांद्यावर परत केला.

"संस्थेचा मासा हाय त्यो," गयाबाई म्हणाल्या. "पावती करा म्हणावं."

आप्पा टेकावर उतरून तासभर फिरले. सीताफळाची बाग नव्हती. ते बाभळीपर्यंत पाण्यात गेले, प्रत्येकीला हात लावला आणि लिहिलं: बाभळी अकरा, सीताफळ नाही. मग क्षणभर थांबून शेऱ्यात लिहिलं: पक्षी पुष्कळ. मी म्हटलं, पक्ष्यांचा रकाना नाही. ते म्हणाले, "म्हणून तर शेऱ्यात."

मधल्या टेकाला पाणी आटल्यानं एका बाजूनं काठ चिकटला होता. मध्ये फक्त चिखलाची पट्टी उरली होती. तिथं चारा खरोखर होता आणि तो खायला तेरा काळविटं आली होती. एक काळाभोर नर मान मागं टाकून उभा होता, एखाद्या अध्यक्षासारखा, फक्त याला ते शोभत होतं. आमचा वास लागला आणि कळप चिखलावरून असा उडाला की खूर टेकल्याचं दिसलंच नाही. मला वाटलं, चिखल पक्का आहे. जवळून बघावं म्हणून मी चार पावलं टाकली आणि पाचव्याला मांडीपर्यंत आत गेलो.

"आता हलू नगा," गयाबाई ओरडल्या. "सायेब, काळवीट हाय व्हय तुमी?"

आप्पांनी आपली काठी पुढं केली, बाईंनी काहिलीतली दोरी टाकली. पंधरा मिनिटांनी मी बाहेर आलो. एक चप्पल त्या टेकाच्या वहिवाटीत राहिली, ती अजून तिथंच असेल. आप्पांनी लिहिलं: गवत, पेरलेलं नाही, काळवीट चरतात.

पुन्हा काहिलीत बसल्यावर मी म्हटलं, "आप्पा, दोन टेकांवर संस्था खोटी ठरली. आता तिसऱ्याला काय बघायचं?"

"दोन खोटं म्हणून तिसरं खोटंच, हे कचेरीत चालतं. रानात न्हाय."

"आप्पा, म्या येक सांगू का?" गयाबाईंनी पुन्हा विचारलं.

"नगं म्हणलं न्हवं?"

बाईंनी फळी पाण्यावर जरा जोरात मारली. पाणी आप्पांच्या अंगावर उडालं. ते चुकून उडालं असं मी धरून चालतो.

म्हसोबाच्या टेकावर चार-पाच एकर ज्वारी उभी होती. दुष्काळाच्या मानानं चांगली, छातीला लागणारी. आणि तिच्या कडेला, दगडांच्या एका मोठ्या ढिगाला टेकून, मी पाहिलेल्यांतली सगळ्यांत देखणी कोप होती. वर संस्थेचं फडकं लावलेलं होतं. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. सतरंज्या, हंडे, दहा-बारा पाहुणे, आणि धाराशिवाहून आणलेला एक फोटोग्राफर.

"या आप्पासाहेब, या!" चेअरमन सतरंजीवरून हात जोडून म्हणाले. "आमच्या संस्थेच्या रानात आपलं सहर्ष स्वागत आहे. येळवशीला ज्याची कोप, त्याचं रान. आपलंच वाक्य आहे. आम्ही ते संस्थेच्या फलकावर लिहिणार आहोत."

आप्पांच्या रीतीची कीर्ती झाली होती, हेच तिचं दुखणं होतं. परीक्षेचा दिवस आणि प्रश्न दोन्ही साऱ्या तालुक्याला पाठ होते. पण आप्पांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. त्यांनी ज्वारीभोवती पूर्ण फेरी मारली. त्या सात घरांतलं कोणी नव्हतं. कोप सोडा, एखादं पटकूरही अंथरलेलं नव्हतं. ते परत आले, मांडी घातली, टाक दौतीत बुडवला आणि कसणाऱ्याच्या रकान्यात 'मच्छीमार' एवढं लिहिलं.

गयाबाईंना वाचता येत नव्हतं, पण टाक चालताना दिसत होता.

"आता तरी बोलू का?" त्या म्हणाल्या. "आता रानातच हाव न्हवं?"

आप्पांनी टाक उचलला. "बोला. येळवस हाय. तुमची सात घरं कुठं हायत?"

"खडी फोडाय गेलीत सडकंच्या कामावर. आज न्हाय गेलं तर हजेरी जाती."

"येळवशीला रान सोडून खडीवर?"

"अवो आप्पा, आमी धर्म घेतला तवाच येळवस सोडली. माज्या सासऱ्यानं ह्या पाच दगडांस्नी कायमचा रामराम घातला. तवापास्नं आमच्यात ह्यो सण न्हाय. सण न्हाय म्हणून रान न्हाय व्हय? वर्साचं बाकीचं तीनशे चौसष्ट दिवस आमीच असतो की हितं! पेराय आमी, राखाय आमी. तुमी नेमका हाच दिस धरून आलाव."

चेअरमन मोठ्यानं हसले. "बोलायला काय, कुणीही बोलेल. बाई, प्रसाद घ्या आणि जा."

"घेती की. पण सायेब, तुमी आधी तितनं उठा." बाईंनी दगडांच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "त्यात घोणस ऱ्हाती. लई थोरली हाय. आमी तिकडं पाऊलबी टाकत न्हाय. ऊन मागल्या अंगाला आलं की भाईर येती ती, ह्याच वक्ताला. तिचेच दगड काढून तुमी पांडव केलाव जणू."

"आम्ही दरवर्षी इथंच बसतो," चेअरमन म्हणाले आणि ढिगाला अधिक रेलून बसले.

पुढं काय झालं ते आप्पा नंतर कधी रंगवून सांगत नसत, म्हणून मीही आवरतो. आधी आवाज आला, कुकरची वाफ सुटावी तसा, पण न थांबणारा. मग कोपीच्या मागल्या पेंढ्यांतून हाताच्या मनगटाएवढी जाड, साखळीसारखे पट्टे असलेली घोणस सावकाश सतरंजीवर आली. तिला कोणाचंच काही करायचं नव्हतं. तिला उन्हात जायचं होतं आणि मध्ये संस्था होती. संस्थेनं वाट दिली. चेअरमनची टोपी आंबिलीत पडली. दहा-बारा माणसं निळ्या नावेत एकाच बाजूनं चढली, आणि नाव उलटली कशी नाही याचं मला अजून नवल वाटतं. फोटोग्राफरनं एकही फोटो काढला नाही. येळवशीचा तेवढाच पुरावा राहायचा होता, तो राहून गेला.

टेकावर आम्ही तिघं उरलो, आणि ती. ती मोकळ्या जागेत वेटोळं करून निजली.

आप्पा गयाबाईंकडं वळून म्हणाले, "ह्या रानात आनकी काय काय ऱ्हातं?"

बाई सांगत गेल्या. खालच्या कोपऱ्यात ससे दडून बसतात, तिथली ताटं खुडलेली. उगवतीकडं तित्तिर उठतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले परदेशी हंस पहाटे हरभऱ्यावर उतरतात, म्हणून हरभरा सोडून दिला. मधल्या सात तासांत, म्हणजे ओळींत, कणसांवर काणीचा रोग पडलाय. नांगराचा फाळ कोणत्या खडकाला अडतो, कोणत्या खळग्यात ओल जास्त दिवस टिकते. आप्पा प्रत्येक जागी गेले. ससा, ओल, काणी, फाळाची खूण, सगळं बोलल्याप्रमाणं निघालं. मी एका चपलेनं मागं मागं होतो.

मग त्यांनी कागद पुढं घेतला. त्यांच्या लिहिण्यात खाडाखोड नसे, तालुक्यात तशी ख्याती होती. त्यांनी 'मच्छीमार' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि खाली गयाबाईंना विचारून सात नावं लिहिली, बायकांचीसुद्धा.

हंड्यांत भज्जी तशीच होती. गयाबाईंनी पळसाची पानं आणली आणि मला वाढलं, स्वतःला घेतलं. "पूजा सोडली आमी," त्या म्हणाल्या, "भज्जी कुठं सोडली!" त्यांनी आपल्या फडक्यातली भाकरी आप्पांपुढं धरली.

आप्पांनी मान हलवली आणि पिशवीतून आपली काढली. "आज खाल्ली तर उद्या वकील इचारंल. नावं लागू द्या. मग जेवाय येतो."

"पाऊस पडला तर या. न्हायतर काय वाढू?"

नावं लागली. त्याला चार महिने गेले. चेअरमननी हरकत घेतली, तेव्हा साहेब म्हणाले की मी स्वतः स्थळपाहणी करतो, उभय पक्षांनी टेकावर हजर राहावं. सात घरं हजर राहिली. चेअरमननी प्रकृतीचं कारण कळवलं. आप्पा त्यानंतर खरोखर जेवायला गेले. ते कोणाच्या घरी जेवल्याची माझ्या माहितीतली ही एकच वेळ, आणि तेही घर नव्हतं, रानच होतं.

पण मला आप्पा आठवतात ते त्या संध्याकाळी काहिलीतून परतताना. सूर्य पाण्यावर आला होता, करकोचे बाभळींवर परतत होते, आणि मला आपण एका मोठ्या विजयाचे साक्षीदार आहोत असं वाटत होतं. मी तसं काहीतरी बोललोही. काहील फिरली की त्यांचं तोंड माझ्याकडं यायचं आणि पुन्हा जायचं.

"वीस वर्सं," ते शेवटी म्हणाले. "वीस वर्सं येळवशीला हिंडलो मी. येळवस न पाळणारी घरं किती आली असतील रं मधी? मी गेलो, कोप दिसली न्हाय, अन् लिहून मोकळा झालो."

"अहो, पण सगळीच काही चुकली नसतील."

"किती चुकली ते ठाव न्हाय. तेवढंच तर ठाव न्हाय."

आम्हाला काठावर उतरवून गयाबाईंनी काहील वर ओढली आणि खडीवरून येणाऱ्या माणसांना सामोऱ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी चावडीत उशिरा पोचलो. आप्पांनी जुन्या वादांची पत्रकं काढून गाववार रचली होती. सर्वांत जुना वाद बेंबळीच्या बाजूच्या एका गावचा होता. येळवशीची पहिली पहाणी त्यांनी तिथंच केली होती. निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस सहसा पेन्शनचे कागद रचतो. मी तसं म्हणालो. त्यांनी पिशवी पाठीवर चढवली.

त्या गावी पोचेपर्यंत दुपार झाली. आप्पा चावडीकडं न वळता सरळ बौद्धवाड्यात गेले आणि पहिल्या ओट्यावर बसले. घरातून एक म्हातारा बाहेर आला. त्यानं आप्पांना ओळखलं, पण फार आनंद झाल्यासारखं दिसलं नाही.

"पटवारी? किती वर्सांनी?"

"वीसएक झाली असतील. ओढ्याकाठचं ते रान, ज्याच्यावर मी तुमचं नाव लावलं न्हवतं... कोण कसत हुतं ते तवा?"

म्हाताऱ्यानं आधी आप्पांकडं, मग माझ्याकडं पाहिलं.

"आमीच. आजूनबी आमीच."

"चला, दावा."

"आता?" म्हातारा म्हणाला. "आज तर कसला सणबी न्हाय."

"म्हणून तर आलो," आप्पा म्हणाले आणि उठले.